पाथरवट ह्यू मिलर आणि खडकांची साक्ष

रविवारच्या शाळेत उत्पत्तीचा पहिला अध्याय शिकविताना एखादा चौकस मुलगा उभा राहतो आणि विचारतो, की भूगोलाच्या पुस्तकात तर खडकांचे थर कोट्यवधी वर्षांत बनले असे लिहिले आहे, मग सहा दिवसांचे काय? शिक्षक गोंधळतात. कोणी मुलाला खाली बसवितात, कोणी भूगोलाच्या पुस्तकाला दोष देतात. मुलगा गप्प बसतो, पण प्रश्न त्याच्या मनातून जात नाही. पुढे कॉलेजात गेल्यावर तोच प्रश्न त्याला मंडळीपासून दूर नेतो, हे आपण पाहतो.

हाच प्रश्न एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमधील एका पाथरवटापुढे उभा राहिला. तो विद्यापीठात शिकलेला नव्हता. त्याच्या हातात छिन्नी व हातोडा होता, आणि घरी मामांनी शिकविलेले बायबल होते. दोहोंपैकी एकही त्याने टाकले नाही. त्या ह्यू मिलर यांचे चरित्र ह्या अंकी थोडक्यात सांगावे असे आम्ही योजिले आहे.

खाडीच्या मुखावरील गाव

स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर क्रोमार्टी नावाचे लहानसे बंदर आहे. तेथे एक लांब खाडी आत शिरते. तिच्या मुखाशी दोन्ही बाजूंना उंच कडे आहेत. त्यांना सुटर म्हणतात. सुटर म्हणजे तिकडच्या बोलीत चांभार. दोन राक्षस चांभार ह्या दोन कड्यांवर बसून जोडे शिवीत आणि एकमेकांकडे हत्यारे फेकीत, अशी तिथली जुनी गोष्ट आहे. खाडीच्या वरच्या टोकाला कॉनन नदी येऊन मिळते. ओहोटी लागली म्हणजे गावासमोरच्या निग उपसागरात चिखलाचा व वाळूचा विस्तीर्ण पट्टा उघडा पडतो.

ह्या गावी १० ऑक्टोबर १८०२ रोजी ह्यूचा जन्म झाला. वडील स्वतःच्या गलबताचे तांडेल होते. १८०७ च्या नोव्हेंबरात वादळात गलबत बुडाले आणि वडील परत आले नाहीत. त्या वेळी ह्यू पाच वर्षांचा होता. आई रात्री जागून शिवणकाम करी आणि त्यावर घर चाले. मृतांची प्रेतवस्त्रे शिवण्याचे कामही तिच्याकडे येई. मुलाला वळण लावण्याचे काम तिच्या दोन भावांनी केले. जेम्स मामा घोड्यांचे सामान बनवी आणि जुन्या गोष्टी सांगे. सँडी मामा सुतारकाम करी. तो ओहोटीच्या वेळी भाच्याला किनाऱ्यावर नेऊन शिंपले, खेकडे, समुद्रातील वनस्पती दाखवी. दोघेही देवभीरू होते.

शाळेत मात्र ह्यूचे मन रमले नाही. पुस्तके तो अधाशासारखा वाची, पण वर्ग बुडवून गुहांतून व कड्यांवरून भटके. शेवटी एका शब्दाच्या अक्षरांवरून मास्तरांशी झोंबाझोंबी झाली आणि त्याचे शिक्षण तेथेच संपले. त्याने कॉलेजात जावे अशी मामांची फार इच्छा होती. पण त्याने पाथरवटाचा धंदा निवडला. हिवाळ्यात बर्फामुळे काम बंद असते, तेव्हा वाचायला सवड मिळेल, असा त्याचा हिशेब होता.

खाणीतील पहिला दिवस

१८२० च्या फेब्रुवारीत, वयाच्या सतराव्या वर्षी, तो क्रोमार्टीच्या खाडीकाठी असलेल्या दगडाच्या खाणीत कामाला गेला. मन खट्टू होते. पहारीने व फावड्याने तळहाताला लवकरच फोड आले. वरची माती उपसून झाल्यावर खालच्या कठीण खडकाला सुरुंग लावण्यात आला. मोठी शिळा सुटली. सर्वांनी मिळून ती पहारीने उचलून बाजूला केली. तिच्याखाली जो थर उघडा पडला तो पाहून ह्यू थबकला. त्या दगडावर ओळीने उंचवटे व खळगे होते. तासाभरापूर्वी ओहोटी लागलेल्या वाळूवर जशा वळ्या दिसतात, हुबेहूब तशाच. लहानपणापासून शेकडो वेळा सँडी मामाबरोबर त्या त्याने ओल्या वाळूवर पाहिल्या होत्या. पण ही वाळू नव्हती, पक्का दगड होता, आणि त्याच्यावर कित्येक हात जाडीचा खडक होता.

वरच्या मातीत त्याला गोल गुळगुळीत झालेले धोंडेही दिसले. पाण्याने घोळल्याशिवाय दगड असा गोल होत नाही, हे किनाऱ्यावरच्या मुलाला कोणी शिकवावे लागत नाही. मग येथे पाणी केव्हा होते? ही वाळू कोणी आणली? आणि जी वळी पुढच्या भरतीने पुसून जावयाची, ती दगडात कशी राहिली? संध्याकाळी हात दुखत होते, तरी आता त्याला हे काम नकोसे वाटेना.

गाळाचा दगड कसा होतो

त्याला पडलेल्या प्रश्नांची उत्तरे समजण्यासाठी खाडीत काय चालते ते थोडे पाहू.

नदी डोंगरातून माती, वाळू व गोटे घेऊन निघते. पाणी जोरात असते तोवर ती हे ओझे वाहते. जोर कमी झाला की आधी गोटे खाली बसतात, मग वाळू, आणि सर्वांत शेवटी बारीक चिखल. चिखलाचे कण इतके सूक्ष्म असतात की गोड्या पाण्यात ते बराच वेळ तरंगत राहतात. पण खाडीत नदीचे पाणी समुद्राच्या खाऱ्या पाण्याला मिळते, तेव्हा मिठामुळे हे कण एकमेकांना चिकटतात. त्यांचे लहान लहान पुंजके बनतात आणि जड होऊन तळाशी जातात. म्हणूनच खाडीत एवढा चिखल साठतो.

भरतीचे पाणी आत येते तेव्हा वाळू हलते आणि तिच्यावर वळ्या उठतात. पाणी एकाच दिशेने वाहत असेल तर वळीची एक बाजू सपाट उताराची व दुसरी उभी असते. उभी बाजू पाणी ज्या दिशेला गेले तिकडे तोंड करून असते. लाटा नुसत्या पुढेमागे हलत असतील तर दोन्ही बाजू सारख्या असतात. म्हणजे वळी पाहून पाणी कोठून कोठे वाहिले हे जाणत्याला सांगता येते. भरती पूर्ण झाली की पाणी काही वेळ स्थिर उभे राहते. त्या अवधीत चिखलाचा पातळ पापुद्रा वाळूवर बसतो. मग ओहोटी, आणि पुन्हा भरती. एका भरतीपासून दुसरीपर्यंत सुमारे साडेबारा तास. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते तेव्हा थर जाड पडतो, अष्टमीच्या सुमारास भांगाच्या भरतीला पातळ. कित्येक प्राचीन खडकांत हा जाड-पातळ क्रम आजही मोजता येतो.

अर्थात प्रत्येक थर टिकत नाही. बहुतेक थर पुढचीच लाट मोडून टाकते, किंवा किडे व शिंपले ते उकरून टाकतात. जेथे नवा गाळ अलगद येऊन जुन्याला झाकतो, आणि तळही हळूहळू खचत जातो, तेथेच थरावर थर राहतात. वरच्या भाराने पाणी पिळून निघते, कण जवळ येतात. जमिनीतील पाण्यात विरघळलेले चुना, गारेचे द्रव्य, लोह हे कणांमधील फटींत बसतात आणि गवंड्याच्या चुन्यासारखे कणांना जोडून टाकतात. वाळूचा वालुकाश्म होतो. क्रोमार्टीचा दगड तांबडा आहे, कारण त्याच्या कणांवर लोखंडाच्या गंजाचा पातळ लेप आहे.

दगडात मिटलेले मासे

खाणीनंतर थोड्याच दिवसांत ह्यू दुसऱ्या किनाऱ्यावर कामाला गेला. तेथे निळसर चुनखडीचा एक गोळा त्याने हातोड्याने फोडला, तो आत शंखासारखी सुंदर वेटोळी आकृती निघाली. आपल्याकडे शाळिग्राम म्हणून जे दगड ओळखले जातात, त्यांतील वेटोळे याच जातीच्या प्राण्याचे असते. तेव्हापासून हातोडा हे त्याचे पोट भरण्याचेही साधन झाले आणि शिकण्याचेही.

पंधराएक वर्षे मिलर यांनी पाथरवटाचे काम केले. कामकरी सोबत्यांबरोबर ते उघड्यावर व झोपड्यांत राहिले. एडिंबरोजवळ काम करीत असता दगडाची धूळ फुप्फुसात गेली आणि तो विकार जन्मभर राहिला. ते गावी परतले. ह्याच काळात एका मित्राशी झालेल्या पत्रव्यवहाराने त्यांचा विश्वास नुसता वाडवडिलांचा न राहता स्वतःचा झाला.

१८३० च्या सुमारास त्यांना शोध लागला, की आपल्या गावच्या किनाऱ्यावरच, तांबड्या वालुकाश्माच्या थरांत, चुनखडीचे गोळे आहेत आणि त्यांत मासे आहेत. मेलेला मासा चिखलात पुरला गेला, त्याच्याभोवती चुना साठत गेला, आणि त्या कवचात तो दाबला जाण्यापासून वाचला. अंगावर हाडांचे चिलखत आणि दोन बाजूंना पंखांसारखे अवयव असलेला एक विचित्र प्राणी त्यांना सापडला. तुकड्याला तुकडा जुळवीत त्यांनी वर्षानुवर्षे त्याची रचना शोधली. अशा माशांची तेव्हा फार थोड्यांना माहिती होती. डॉ. माल्कमसन नावाचे एक गृहस्थ त्यांच्या मदतीला आले. हे ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रासकडील सेवेत डॉक्टर होते, आणि दख्खनच्या काळ्या खडकाच्या पूर्व भागातील जीवाश्मांवर त्यांनी लिहिले होते. त्यांच्या खटपटीने क्रोमार्टीचे मासे युरोपातील पंडितांपर्यंत पोहोचले. लुई आगासी या स्विस विद्वानाने त्या पंखवाल्या माशाला मिलर यांचेच नाव दिले. १८४० साली ग्लासगो येथे शास्त्रज्ञांच्या सभेत ह्या माशांची चर्चा झाली. १८४१ मध्ये मिलर यांचे जुन्या तांबड्या वालुकाश्मावरील पुस्तक निघाले, आणि खाणकामगारापासून प्राध्यापकापर्यंत सर्वांनी ते वाचले.

येथे एक गोष्ट सांगणे उचित होईल. हे थर समुद्रात बसले असे मिलर समजत होते. आजचे भूशास्त्रज्ञ सांगतात, की तेथे नद्या येऊन मिळत असलेले एक अफाट सरोवर होते, ते उत्तरेला ऑर्कनी व शेटलंड बेटांपर्यंत पसरले होते, आणि त्या माशांचे वय सुमारे ३९ कोटी वर्षे आहे. वाळूवर वळ्या उठण्यासाठी समुद्रच लागतो असे नाही, उथळ हलते पाणी पुरते. मिलर आज असते तर त्यांनी ही दुरुस्ती आनंदाने स्वीकारली असती असे आम्हांस वाटते. कारण आपले मत बदलण्याची त्यांना लाज नव्हती, हे पुढे दिसेलच.

मंडळीसाठी लेखणी

१८३४ साली गावच्या बँकेत हिशेबनिसाची नोकरी मिळाली आणि १८३७ मध्ये लिडिया फ्रेझर ह्या सुशिक्षित तरुणीशी विवाह झाला. पहिली मुलगी एलिझा दीड वर्षाची होऊन १८३९ साली वारली. बापाने पुन्हा छिन्नी हाती घेतली आणि तिच्या कबरेचा दगड स्वतः घडविला. पाथरवट म्हणून त्यांनी केलेले ते शेवटचे काम.

त्या वर्षी स्कॉटलंडच्या मंडळीत मोठा वाद पेटला होता. मंडळीवर पाळक कोण नेमावा? कायद्याने हा अधिकार जमीनदाराचा होता. मंडळीला नको असलेला पाळकही तो लादू शकत असे, आणि १८३९ मध्ये वरिष्ठ न्यायसभेनेही जमीनदाराच्या बाजूने निकाल दिला. त्या रात्री मिलर यांना झोप लागली नाही. त्यांनी एका मोठ्या सरदाराला उद्देशून खुले पत्र लिहिले. ते इतके प्रभावी होते की पुढाऱ्यांनी त्यांस एडिंबरोस बोलाविले आणि १८४० च्या जानेवारीत सुरू झालेल्या विटनेस, म्हणजे साक्षी, ह्या पत्राचे संपादक केले.

१८ मे १८४३ रोजी साडेचारशेहून अधिक पाळक आपली घरे, वेतने व मंदिरे सोडून बाहेर पडले, आणि फ्री चर्चची स्थापना झाली. त्यांत मिलर यांच्या लेखणीचा वाटा मोठा होता. कित्येक जमीनदारांनी नव्या मंडळीला उपासनेसाठी हातभर जागाही दिली नाही. मिलर यांच्या एका पाळक मित्राला तर बेटावर घर मिळेना, म्हणून ते बेट्सी नावाच्या लहान गलबतात राहून बेटाबेटांवरच्या मंडळ्यांची सेवा करीत. १८४४ च्या उन्हाळ्यात मिलर त्यांच्याबरोबर त्या गलबतातून हिंडले. मित्र उपदेश करी, मिलर हातोडा घेऊन कडे तपाशीत. गोरगरीब शेतकऱ्यांना गावांतून हुसकून देऊन मेंढ्यांची कुरणे करणाऱ्या जमीनदारांवरही त्यांनी कडक लेख लिहिले.

सहा दिवसांचा प्रश्न

त्या काळी मिलर यांच्यावर दोन्हीकडून मारा होत असे. काही धार्मिक लेखक म्हणत, की सर्व थर नोहाच्या जलप्रलयाने एका वर्षात बसविले, आणि भूशास्त्र हे नास्तिकांचे काम आहे. उलट बाजूचे म्हणत, की खडकांपुढे बायबलाचे काही चालत नाही.

मिलर पहिल्यांना खाणीतलेच उत्तर देत. एका थरावर वळ्या आहेत, म्हणजे तेथे उथळ पाणी शांतपणे हलत होते. त्याच्यावरच्या थरात मासे जन्मले, वाढले, मेले. आणखी वर पुन्हा वळ्या. हे सर्व खवळलेल्या एका पुरात कसे घडेल? पूर तर वळ्या पुसून टाकतो. जो खडक निर्मात्याने घडविला तो खोटे बोलत नाही, आणि त्याने दिलेले वचनही खोटे बोलत नाही. दोहोंत विरोध दिसत असेल तर आपल्या वाचनात चूक आहे, अशी त्यांची भूमिका होती.

प्रारंभी ते थोर उपदेशक थॉमस चामर्स यांचे मत मानीत. उत्पत्तीच्या पहिल्या व पुढील वचनांमध्ये फार मोठा काळ गेला असावा, असे ते मत होते. पण पुढे स्वतः थर पाहिल्यावर ते त्यांना पुरेसे वाटेना. त्यांनी मत बदलले, आणि बदलले असे उघड छापून सांगितले. ते सहा दिवस म्हणजे दीर्घ युगे आणि जलप्रलय हा मनुष्यवस्तीच्या प्रदेशापुरता, असे त्यांनी प्रतिपादन केले. एका जातीच्या जीवापासून दुसरी जात उत्क्रांत होते हे मात्र त्यांना मान्य नव्हते. १८४९ साली त्यांनी त्याविरुद्ध पुस्तक लिहिले. डार्विनचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी निघाला. त्यांचे त्या बाबतीतले युक्तिवाद शास्त्राने पुढे मागे टाकले. उत्पत्तीच्या दिवसांचा त्यांनी लावलेला अर्थही आज सर्वांना पटेल असे नाही. पण खडकावर जे दिसले ते धर्माच्या सोयीसाठी त्यांनी कधी लपविले नाही.

शेवट

मिलर यांच्या मृत्यूविषयी मंडळ्यांत कोणी बोलत नाही. आम्ही बोलणार आहोत.

१८५६ च्या अखेरीस ते फार थकले होते. फुप्फुसे दुबळी, वर्षानुवर्षांचे अतिश्रम, आणि डोक्यात असह्य वेदना. भीतिदायक स्वप्ने पडत. आपले चित्त आपल्या ताब्यात राहत नाही असे त्यांनी डॉक्टरांना सांगितले. खडकांची साक्ष हे त्यांचे मोठे पुस्तक छापखान्यात होते. २४ डिसेंबरच्या पहाटे, पत्नी व मुलांचा निरोप घेणारी आणि तारणाऱ्याकडे दयेची याचना करणारी एक लहान चिठ्ठी लिहून, त्यांनी स्वतःचे जीवन संपविले. वय ५४ होते. शवाची तपासणी करणाऱ्या डॉक्टरांनी मेंदूला रोग जडल्याचे सांगितले.

काही विरोधकांनी म्हटले, की विश्वास व शास्त्र यांचा मेळ बसेना म्हणून त्यांनी असे केले. त्यांच्या शेवटच्या पुस्तकात ह्याला काडीचाही आधार नाही, ते पुस्तक शांत व ठाम आहे. त्यांच्या मंडळीनेही त्यांचा त्याग केला नाही. एडिंबरोतील हजारो लोकांनी त्यांस शेवटचा निरोप दिला आणि ग्रेंज दफनभूमीत चामर्स यांच्या कबरेजवळ त्यांना विसावा मिळाला. लिडियाबाईंनी राहिलेली पुस्तके संपादून प्रसिद्ध केली. आपल्या मंडळ्यांतही मनाच्या आजाराने पिडलेली माणसे आहेत. हृदयाच्या किंवा क्षयाच्या रोग्याला आपण विश्वासात कमी समजत नाही. मग ह्यांना का समजावे? त्यांना वेळीच डॉक्टरकडे नेणे, त्यांच्याजवळ बसणे, आणि त्यांच्या घरच्यांना लाजेत न टाकणे हे आपले काम आहे.

त्यांनी जमविलेले सहा हजारांहून अधिक जीवाश्म आज एडिंबरोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. क्रोमार्टीतील त्यांचे जन्मघर जपून ठेवलेले आहे.

ज्या फ्री चर्चसाठी मिलर झटले, तिचेच मिशनरी रेव्ह. स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरास आले. शाळा व उपदेश सांभाळून त्यांनी व रेव्ह. रॉबर्ट हंटर यांनी नागपूर भागातील खडक तपासले. लाव्हाच्या दोन थरांमधे तळ्याचा गाळ आणि त्यात गोड्या पाण्यातील शंखशिंपले सापडतात, ह्याची त्यांनी बारकाईने नोंद केली. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटाहून परतताना हिस्लॉप पुराच्या नाल्यात बुडून वारले. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्या नावाने आहे.

रविवारच्या शाळेच्या शिक्षकांना आमची एक विनंती आहे. गोव्याकडच्या शिक्षकांनी ओहोटीच्या वेळी मुलांना खाडीवर न्यावे. इंदूर, ग्वाल्हेरकडच्या शिक्षकांनी उन्हाळ्यात नदीच्या वाळूत न्यावे आणि वळ्या दाखवाव्या. मग विंध्याच्या वालुकाश्माची एखादी फरशी शोधावी. मध्य भारतात छतांना व अंगणांना ती सर्रास वापरतात, आणि तिच्यावर अशाच वळ्या पुष्कळदा आढळतात. दोन्ही गोष्टींवर मुलांना हात फिरवू द्यावा. त्यानंतर त्यांनी जो प्रश्न विचारायचा तो विचारावा, आणि शिक्षकांनी त्यांना खाली बसवू नये.